चार वाक्यांपुरती हवा

मी ऑक्सिजनचं मशीन बोलतोय. उंची स्वयंपाकघरातल्या स्टुलाएवढी, खाली चार चाकं, अंगावर एक बटण आणि चोवीस तास घरघर. खोलीत आलेला माणूस आधी माझ्यावर आवाज चढवून बोलतो आणि जरा वेळाने मी आहे हे विसरूनच जातो. मग काय काय बोलतात लोक! सख्ख्या भावाला सांगणार नाहीत ते माझ्यादेखत बोलून मोकळे होतात. मशीनला कुठले आलेत कान, असं त्यांना वाटतं. वाटू दे.

माझं काम साधं आहे. खोलीतली हवा एका बाजूच्या जाळीतून आत ओढायची, पोटातल्या बारीक दाण्यांमधून गाळायची आणि त्यातला प्राणवायू तेवढा नळीतून नाकापर्यंत पोचवायचा. मी नवीन काही बनवत नाही. जे सगळ्यांना फुकट मिळतं तेच एका माणसाच्या ताटात जरा जास्त वाढतो, एवढंच.

माझा जन्म एका लांबलचक शेडमधला. तिथे एका बाईने माझ्या जाळीवर तळहात धरून पाहिला, कान लावला आणि शेजारणीला म्हणाली, "हा बरा घोरतो." तेवढंच माझं बारसं.

पहिल्यांदा मी एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेलो. त्याच्या सुनेला माझ्या आवाजाने झोप लागत नसे, तो मात्र मला थोपटून म्हणायचा, "बाकीची बंद पडली तर पडू देत, तू चाल बाबा." मी चाललो. तोच थांबला. मग मला पुसून, नळी बदलून भाड्याच्या दुकानात आणून उभं केलं. तिथे माझ्यासारखे बरेच होते. प्रत्येकाच्या मागे एक रिकामी खाट.

तिथून मला उचललं ते बोगदेवाल्यांसाठी. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गावामागे जो डोंगर आहे त्याच्या पोटातून रस्ता काढला तो या इंजिनिअरसाहेबांनी, म्हणून लहानथोर सगळे त्यांना बोगदेवालेच म्हणत. पूर्वी त्या डोंगराला वळसा घालण्यात अर्धा दिवस जायचा. आता गाडीतलं मूल जांभई देऊन तोंड मिटेपर्यंत पलीकडे पोचतं. बोगदा खणताना सुरुंग उडाला की धूळ खाली बसायच्या आत हे माणसांबरोबर आत शिरायचे. वरून घाई असायची आणि माणसांना एकटं पाठवणं यांना पटायचं नाही. ती धूळ मग यांच्या छातीत जाऊन बसली. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं.

बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून थोरली बहीण येऊन राहिली होती. शाळेच्या ऑफिसात जन्म गेलेली, सडसडीत आणि फटकळ. तिला सगळे ताईच म्हणायचे, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. आणि समोरच्या काकू. दार उघडं दिसलं की काकू आत, बंद दिसलं की बेल. वाटी परत करायला यायच्या आणि बसायच्या. "मी काही बसत नाही हां," असं म्हणून बसायच्या. मला त्या फार आवडतात. आमचं दोघांचं सारखंच आहे, आजूबाजूची हवा ओढून घेतल्याशिवाय चालत नाही.

तर एक दिवस बोगदेवाल्यांच्या वर्गातले एक मित्र आले. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष. दारातूनच ओरडले, "अरे इंजिना!"

वसतिगृहात हे फार घोरायचे, म्हणून पोरांनी यांचं नाव इंजिन ठेवलं होतं.

"इंजिन आता बाहेर काढून ठेवलंय," बोगदेवाल्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दोघं हसले. हसताना एकाला धाप लागली आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

यंदाचा जीवनगौरव सन्मान बोगदेवाल्यांना द्यायचं ठरलं होतं. विद्यापीठाच्या जिन्यात अशा सन्मानितांचे फोटो लागतात. कोणी धरण बांधलं, कोणी औषध शोधलं, कोणी मोठ्या कोर्टाचा न्यायाधीश झाला. त्याच फोटोंखालून हे रोज धावत वर्गात जायचे, कारण घोरून घोरून उठायला उशीर व्हायचा.

जाता जाता अध्यक्ष ताईला बाजूला घेऊन बोलले. बाजूला म्हणजे माझ्या शेजारी.

"ताई, मेळाव्याला अजून अवकाश आहे. तब्येतीचं काय सांगता येतं? सत्कार घरीच उरकून घेऊ. कॅमेरा आणतो. मेळाव्यात मोठ्या पडद्यावर दाखवू."

"उरकायला तो काय भांड्यांचा ढीग आहे?" ताई म्हणाली. पण तिने नाही म्हटलं नाही. तिलाही हिशेब कळत होता.

त्या दिवसापासून दुपारी ताई आडवी झाली की बोगदेवाले माझ्याकडे तोंड करून भाषणाचा सराव करू लागले. भाषण चार वाक्यांचं. एका दमात एकच वाक्य निघायचं. मग थांबायचं, माझ्याकडून हवा घ्यायची, मग पुढचं. पहिलं वाक्य आभाराचं. उरलेली तीन त्या धुळीबद्दल.

"चारच वाक्यं?" काकूंना राहवेना. "अहो, एवढा मोठा मान! पानभर तरी बोला."

"पानभर बोलायला पानभर हवा लागते, काकू."

"मग धुळीचं कशाला मध्येच? शुभकार्यात?"

ते थोडा वेळ दम खात बसले. मग तुकड्यातुकड्याने म्हणाले, "मेळाव्याच्या हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या हाताखाली आत्ता कुठे ना कुठे डोंगर फोडणं चाललंय. मी फोन केला की म्हणतात, काळजी घ्या सर. आजाऱ्याचं कोणी ऐकत नाही. सत्कारमूर्तीचं ऐकावंच लागतं."

ताई झोपली नव्हतीच. आतून म्हणाली, "मग ते आभाराचं आधी काढून टाक. नाहीतर शेवटी घे."

"असं कसं? लोक मान देतायत आणि आपण तोंड उघडल्या उघडल्या उपदेश सुरू करायचा? सभ्यपणा म्हणून काही आहे की नाही?"

"सभ्यपणा खिशात ठेव. हवा छातीत ठेव."

त्यांनी ऐकलं नाही.

सत्काराच्या दिवशी खोली पार बदलून गेली. खाट भिंतीशी सरकवली, बोगदेवाल्यांना कोट घालून खुर्चीत बसवलं. कोट त्यांच्या अंगावर खुंटीवर लटकावा तसा लटकत होता. अध्यक्ष आले, संघाचे आणखी दोघं आले आणि दिव्याची काठी घेऊन कॅमेरावाला आला. काकू तर सकाळपासूनच होत्या, कपबशा मांडायच्या निमित्ताने.

कॅमेरावाल्याने कानाला यंत्र लावलं आणि तोंड वाकडं केलं. "सर, हा आवाज फार येतोय."

हा आवाज म्हणजे मी.

"तो बंद होणार नाही," ताई म्हणाली. "हवं तर तो छोटा सिलिंडर आहे कोपऱ्यात, लाइट गेल्यावर वापरतो तो. त्याला आवाज नाही. तो लावा."

अध्यक्ष लगेच हो म्हणाले. त्यांच्यावर मी उगाच आळ घेणार नाही. नको म्हणाले ते बोगदेवालेच. त्यांनी हाताने नळी नाकातून काढली आणि ताईच्या मांडीवर ठेवली.

"नळी नको. नळी दिसली की लोकांना कीव येते. कीव आली की ऐकणं संपतं. दोन मिनिटांचं तर काम आहे."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. अध्यक्षांकडे पाहिलं. मग माझं बटण दाबलं.

मी थांबलो. खोली एकदम केवढी तरी मोठी वाटली.

दोन मिनिटं म्हणजे काय हे मला विचारा. मला बंद करून पुन्हा चालू केलं की सूर लागायला वेळ लागतो. पहिली काही मिनिटं मी नुसताच वाजतो, नळीतून येते ती साधी हवा. माझ्या अंगावर हे कुठे लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तरी त्या दिवशी ते दिसलं नसतं, कारण फोटोत बरा दिसावा म्हणून एका पाहुण्याने माझ्यावर टेबलावरचा नक्षीचा कपडा टाकला, जमिनीपर्यंत, आणि वर फुलदाणी ठेवली.

अध्यक्षांनी परिचय वाचायला घेतला. कुठल्या वर्षी पदवी, कुठला पूल, कुठला कालवा, कुठली समिती, कुठलं सुवर्णपदक. एकही गोष्ट गाळली नाही. प्रेमाने वाचत होते बिचारे. मध्येच कागद खाली करून वसतिगृहातली आठवण सांगितली, घोरण्याची. सगळे हसले. बोगदेवाल्यांनीही हसल्यासारखं केलं. त्यांच्या ओठांचा रंग बदलायला लागला होता. दिव्याच्या झगझगाटात तो कोणाला दिसला नाही.

मग मानचिन्ह दिलं. काचेचं, जड. कॅमेरावाला म्हणाला, "सर, परत एकदा. इकडे बघून. जरा हसून." परत एकदा दिलं. परत एकदा घेतलं.

"आता दोन शब्द बोल, इंजिना," अध्यक्ष म्हणाले.

बोगदेवाले खुर्चीत सरळ झाले. कपड्याच्या आत अंधारात उभा राहून मी त्यांचं पहिलं वाक्य ऐकलं.

"माझ्या विद्यापीठाने माझी आठवण ठेवली, त्याबद्दल मी सगळ्यांचा मनापासून आभारी आहे."

स्वच्छ, ठाम, एकाही ठिकाणी न अडखळता. मग ते थांबले. सरावात थांबायचे तसेच, माझ्याकडून हवा घ्यायला. पण मी बंद होतो.

लोकांना वाटलं भाषण संपलं. टाळ्या सुरू झाल्या. त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. लोकांना वाटलं नमस्कार करतायत. टाळ्या आणखी वाढल्या.

ताईने धावत येऊन कपड्यावरूनच चाचपत माझं बटण दाबलं, त्यांच्या नाकाला नळी लावली. मी जीव तोडून सुरू झालो. पण जाळीवर कपडा! मी ओढतोय आणि कपडा आत चिकटतोय. पोट तापलं. शेवटी माझ्याकडे असते तेवढी एकच भाषा मी वापरली. टीं टीं टीं करून ओरडलो.

"अहो, कोणाचा तरी फोन वाजतोय," संघाचे एक गृहस्थ म्हणाले. "बंद करा जरा."

चौघांनी आपापले खिसे चाचपले.

काकूंनी मात्र माझ्याकडे पाहिलं. लोकांच्या घरातले सगळे आवाज ओळखायची त्यांची खोड त्या दिवशी उपयोगी पडली. "मेलं, हे ओरडतंय!" म्हणत त्यांनी कपडा खसकन ओढला. फुलदाणी फुटली. पाणी, काचा, फुलं सगळीकडे. बोगदेवाले तोवर खुर्चीतून एका बाजूला कलले होते. ताईने आणि अध्यक्षांनी मिळून त्यांना खाटेवर घेतलं.

त्या दिवशी ते वाचले.

कॅमेरावाल्याने दारात जाता जाता सांगितलं, "ताई, आभाराचं एकदम मस्त आलंय."

"त्याचं अजून बोलायचं राहिलंय," ताई म्हणाली.

"पुन्हा येऊ ना आपण," अध्यक्ष म्हणाले. "त्याला जरा बरं वाटू दे." ते मनापासून म्हणाले. पण मनापासून म्हटलेलं बहुतेक सगळं राहूनच जातं, हे मी दोन घरांत पाहिलं आहे.

पुढे काकूंनी उरलेलं भाषण मोबाइलवर घ्यायचा प्रयत्न केला. बोगदेवाल्यांनी दुसरं वाक्य सुरू केलं. दोन शब्दांपुढे गेलं नाही. परत लावून ऐकलं तर त्यात त्यांच्यापेक्षा मीच जास्त होतो. त्यानंतर त्यांनी सराव केला नाही. दुपारी नुसते माझ्याकडे पाहत पडून राहायचे.

ते गेले तेव्हा मी नीट चालू होतो. जाळी मोकळी होती. हे मला सांगायचंच आहे.

मेळाव्याला ताई आणि काकू गेल्या. परत आल्यावर ताई खुर्चीत बसली. "चांगला दिसत होता," एवढंच म्हणाली. बाकीचं काकूंकडून कळलं. मोठ्या पडद्यावर ते एवढे मोठे दिसले, छान हसले, सगळ्यांचे आभार मानले. हॉल उभा राहिला. तेव्हा ताईने उठून हात वर केला, मला थोडं बोलायचंय म्हणून. माइकवरचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "आजी, अजून बरेच सत्कार आहेत, जरा वेळेचं बघू या." ताई खाली बसली. अध्यक्ष पुढच्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

आता जिन्यात त्यांचा फोटो आहे. नळी नाही. मागे कोपऱ्यात नक्षीच्या कपड्यावर फुलं दिसतात. तो मी.

भाड्याच्या दुकानातून माणूस न्यायला येऊन गेला. ताई म्हणाली, राहू दे अजून. दुपारी ती मला चालू करते. नळी खिडकीच्या कडीला अडकवलेली असते आणि मी खिडकीला प्राणवायू देत बसतो. काकू येतात, "मी काही बसत नाही हां," म्हणतात, बसतात. एक दिवस दुकानवाला मला नेईल, नवी नळी लावेल, नव्या खाटेशी उभं करेल. तिथे तुम्ही कदाचित पाहुणे म्हणून याल. तेव्हा माझ्यावर काही झाकू नका. आणि दोन मिनिटांसाठी मला बंद करू नका, अगदी त्या माणसाने स्वतः सांगितलं तरी.

आणि ती राहिलेली तीन वाक्यं. रोज दुपारी ऐकून मला पाठ झाली आहेत. ते थांबायचे तिथे मीही थांबतो.

माझ्या छातीत आहे ती त्याच बोगद्याची धूळ आहे, आणि माझ्याबरोबर आत जाणारे बहुतेक सगळे याच धापेने माझ्या आधी गेले.

खडकात भोकं पाडताना पाणी सोडत राहा, वेळ वाचवायला ते बंद करू नका.

आणि सुरुंग उडाल्यावर धूळ बसेपर्यंत कुणालाही आत पाठवू नका, आणि बसली की नाही कळत नसेल, तर आधी स्वतः आत जा आणि एक मोठा श्वास घेऊन बघा.