इंजिनिअरचे वडील

"आमची लेक ना? इंजिनिअर माणूस! कामातून मान वर काढायला फुरसत नाही तिला."

जिन्यात भेटेल त्याला सुपरवायझर काका असं ठोकून द्यायचे. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपांवर देखरेख करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि निवृत्तीनंतरही इमारतीत त्यांना त्याच नावानं हाक मारत. लेक कामात बुडालेली होती हे खरं, पण ती इंजिनिअर राहिली नव्हती. यंत्रांचे आराखडे काढण्याची चांगली चाललेली नोकरी करता करता तिनं अकाउंटन्सीच्या परीक्षा दिल्या होत्या, मग ती नोकरी सोडली होती, आणि आता ती एका लेखापरीक्षकांच्या ऑफिसात होती. काकांनी ही गोष्ट घरातल्या एखाद्या दुखण्यासारखी झाकून ठेवली होती.

काकांचंही मन समजून घ्यायला हवं. पंप बिघडला की चिखलात उतरायचे ते, आणि अहवालावर सही व्हायची इंजिनिअरसाहेबांची. साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळताना त्यांनी एकच ध्यास घेतला होता, आपली पोर या खुर्चीत बसेल. पोर बसली, आणि आपण होऊन उठली! हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

"अहो, तिनं नोकरी बदललीय, दरोडा नाही घातला," काकू म्हणायच्या.

"लोक म्हणतील, झेपलं नाही."

"म्हणू देत. रविवारची संध्याकाळ झाली की तिचा चेहरा उतरायचा, जेवण जायचं नाही, ते तुम्ही बघितलंय ना? आता बघा, फोनवर किती बोलते!"

काका वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

एके दिवशी त्यांचा धाकटा भाऊ आपल्या मुलीला घेऊन आला. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. पोरगी पार सुकली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती खुर्चीच्या कडेवर बसून राहिली.

"दादा, तुम्हीच समजवा हिला," भाऊ म्हणाला. "कॉलेज सोडायचं खूळ डोक्यात घेतलंय. म्हणे कॉमर्सला जाते! तुमच्या घरात इंजिनिअर आहे, तुमचं ऐकेल ती."

काकू चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थबकल्या. काकांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"हे बघ बाळा, ताईलाही जड गेलं होतं. पण चिकाटी सोडली नाही तिनं. आज बघ, कुठे पोचली!"

"मोठे काका, ताईला कधीच सोडावंसं वाटलं नाही?"

"कधीच नाही."

"मी तिच्याशी एकदा बोलू?"

"अगं, ती फार कामात असते," काका घाईनं म्हणाले.

पोरीनं मान हलवली. भाऊ समाधानानं उठला. ती दोघं गेल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "ती तुमच्याकडे वाट विचारायला आली होती हो. तुम्ही जाणूनबुजून चुकीची दाखवलीत."

पुढे परीक्षा आली, आणि पहिल्याच पेपरला पुतणी वर्गात कोसळली.

काका-काकू रुग्णालयात पोचले तेव्हा तिला सलाइन लावलेलं होतं. पोटात धड अन्न नाही, डोळ्याला झोप नाही, असं कित्येक दिवस चाललं असावं, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. काका पलंगाजवळ बसले. पोरीनं डोळे उघडले.

"मोठे काका, माझ्यातच काहीतरी कमी आहे. ताईनं करून दाखवलं, मला मात्र जमत नाही. बाबांना तोंड कसं दाखवू? कधी कधी वाटतं, आपण नसतोच तर बरं झालं असतं."

काकांनी तिचा हात हातात घेतला. ही पोर एका अशा ताईशी स्वतःला ताडून बघत होती जी जगात नव्हतीच! ती त्यांनी जिन्यात उभं राहून रचली होती, शेजाऱ्यांच्या चार कौतुकाच्या शब्दांसाठी!

"नाही गं राणी!" ते म्हणाले. "खोटं बोललो मी. ताईनं सोडलं इंजिनिअरिंग. ती अकाउंटंट आहे. मला लाज वाटायची म्हणून लपवलं."

भाऊ जागचा हलला. "दादा! आणि तुम्ही माझ्या पोरीला..."

"माझंच चुकलं," काका म्हणाले. "काय बोलायचं ते बोल मला."

भावानं त्यांच्याकडे पाठ फिरवली, आणि ते काकांना जास्त लागलं.

लेक संध्याकाळी आली. बहिणीच्या उशाशी बसून ती बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"मला ते काम येत होतं गं," ती म्हणाली, "पण मन लागत नव्हतं. हिशेबात एखादी चूक शोधताना मी जेवायचं विसरते. माणसाला काय येतं आणि माणूस कशात रमतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"पण शिकलेलं सगळं वाया?" भावानं विचारलं. प्रश्न काकांचाच होता, नुसतं तोंड दुसरं होतं.

काकू पुढे झाल्या. "भावजी, शिक्षण वाया जात नाही. कारखान्याचे हिशेब तपासायला आजही हिलाच पाठवतात, कारण यंत्रं हिला कळतात. पण पोर वाया गेली तर? ती कुठून आणाल?"

भाऊ ओंजळीत तोंड लपवून ढसाढसा रडला.

पुतणी सावरली, तेव्हा तिचं नाव काढण्यासाठी कॉलेजात जायला भावाचे पाय उचलेनात. काका तिच्याबरोबर गेले. ऑफिसच्या खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "सोडण्याचं कारण काय लिहू? आजारपण लिहिते, म्हणजे पुढे कोणी विचारणार नाही."

काकांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. मग रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजारपण नको. लिहा, मुलीला दुसरं शिकायचंय!"

मंडळी, मुलांच्या यशात आपला आनंद असावा, पण आपली प्रतिष्ठा त्यांच्या खांद्यावर लादू नये. वाट बदलणारं मूल हरलेलं नसतं. ते घरी येऊन खरं सांगतं तेव्हा ते आपल्यावर विश्वास टाकत असतं. त्या विश्वासाला जागणं, एवढंच आईबापांच्या हाती आहे.