ठिणगीच्या डब्यावर आलेला आळ

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढा, चार तारांचा, काळा असा मी एक जुना इग्निशनचा डबा आहे. एका टॅक्सीच्या इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी, हे मी ठरवत असे. शाफ्ट किती फिरला ते सेन्सर मला कळवी. वेग वाढला की ठिणगी थोडी आधी, चढावर ओझं आलं की जराशी उशिरा. डोळ्याचं पातं लवायच्या आत सारा हिशेब करायचा, तोही न चुकता!

मला बसवलं एका वयस्क मिस्त्रींनी. माझा हिशेब जिथून सुरू होई, ती खूण मात्र हातानेच लावावी लागे. त्यासाठी ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंगचा दिवा असतो, पण मिस्त्री त्याला हात लावत नसत. ते इंजिनावर वाकत आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवत. ठिणगी फार लवकर पडू लागली की इंजिन बारीक ठोकतं. तो ठोका कानी पडला की ते डिस्ट्रिब्युटर केसभर मागे घेत. "माझा कान हेच माझं मीटर," असं ते सांगत. त्या कानावरच त्यांचं नाव होतं आणि घरही चालत होतं.

एकदा मात्र ठोका सुरू झाला तरी त्यांचा हात थांबेना. मी कासावीस झालो, पण डब्याला कुठली वाचा? त्या ठोक्यांनी महिन्याभरात पिस्टनला भोक पडलं. टॅक्सीवाले काका रडकुंडीला आले होते.

"डबाच बाद आहे," म्हणत मिस्त्रींनी मला उपटून भंगारात टाकलं. ते मला फार लागलं.

इंजिन दुरुस्त झालं, नवा डबा बसला आणि मिस्त्री पुन्हा वाकले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेली लेक शेजारी उभी होती. ती त्यांच्या कानाशी ओरडली,

"बाबा, बस! ठोकतंय की!"

"कुठे? छान चाललंय."

तिने दिवा लावून पाहिला. खूण पार पुढे सरकली होती. मिस्त्रींनी स्वतः वाकून ती खूण पाहिली.

"मला ठोका ऐकूच येत नाही गं," ते म्हणाले.

त्यांनी मला भंगारातून काढून पुसलं. "उगाच आळ घेतला तुझ्यावर." मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. त्यानंतर त्यांनी पाना हातात धरला नाही.

मित्रांनो, फेकण्याआधी यंत्र तपासा, हे तर सांगतोच. पण घरात कुणी हाकेला ओ देईनासं झालं, तर जवळ जाऊन विचारा. वर्षभर लेक हाका मारत होती, आणि तिला वाटायचं, बाबा कामात गर्क आहेत.