एकतीस दारांची पायपीट

सकाळी सकाळी गावच्या पाणी संस्थेच्या अध्यक्षांच्या शेतात बटाटे पोहत होते. आदल्या दिवशी काढून, रांगा लावून वाळत घातलेले बटाटे! कालव्याचं पाणी त्यांच्यावर सोडलं होतं पाटकऱ्यानं, म्हणजे गावाला पाणी वाटायला नेमलेल्या माणसानंच. पाण्याची पाळी होती शेजारच्या काकूंच्या कांद्याची. तिकडं कांद्यानं माना टाकल्या होत्या आणि इकडं बटाट्यांची आंघोळ चालली होती.

"अरे, डोकं कुठं गहाण ठेवलंस?" अध्यक्ष ओरडले. पोट मोठं, त्यामुळं आवाजही पोटातून यायचा.

"चुकलं असेल दार. माणूस आहे मी," पाटकरी उलट त्यांच्यावरच गुरकावला. "आणि बटाटे उघड्यावर टाकायला कुणी सांगितलं होतं?"

काकूंनी एक सुकलेला कांदा उपटला, पाटकऱ्याच्या फटफटीच्या सीटवर ठेवला नि घरी निघून गेल्या. तेच त्याला जास्त लागलं. पण कबूल करतो कोण?

अध्यक्षांनी तिथंच जाहीर करून टाकलं की पुढच्या महिन्याच्या बैठकीत नवा पाटकरी नेमायचा. बावीस वर्षांचं काम हातचं जाणार! कालव्याची एकतीस दारं, साठ घरांच्या पाळ्या त्याला एके काळी तोंडपाठ होत्या, वही लागत नव्हती. आता वही होती, पण ती कुठं ठेवली तेच आठवत नव्हतं. हे सगळं फटफटी आल्यापासूनचं. पण तिच्यावर संशय कोण घेणार? ती बिचारी गुमान धूर सोडत होती.

पाटकरी दवाखान्यात गेला.

"डॉक्टरबाई, डोक्याचा फोटो काढा. आत काहीतरी सुटलंय."

"रोज चालता किती?"

"चालतो की. घरातून फटफटीपर्यंत."

"मग फोटो कशाला? पाय हलले की डोक्याला रक्त पोचतं, लक्षात राहतं, चिडचिड कमी होते. चार माणसांशी नीट बोलाल. रोज तासभर चाला."

आता आली का पंचाईत! कामाशिवाय चालणारा माणूस गावानं कधी पाहिला होता? लोक म्हणतील, वेडा झाला. म्हणून हा शहाणा फटफटीवरून लांबच्या माळावर जायचा, ती उभी करायचा नि तिच्याभोवती तासभर फेऱ्या मारायचा. चौथ्या दिवशी बायकोनं गाठलं.

"अहो, घाण्याचा बैल फिरला की निदान तेल तरी निघतं. तुमचं काय निघतंय?"

घरी गेल्यावर तिनं फटफटीची किल्ली धान्याच्या कोठीत पार तळाशी घातली. "शोधा आता. तोही व्यायामच."

झालं! एकतीस दारं पायी. पोटऱ्या भरून आल्या, शिव्यांचा साठा संपला. फटफटीवर बरं होतं, भोंगा वाजवला की बोलावं लागत नव्हतं. पायी माणूस दिसला की जो तो विचारतो, "कुठं निघालात?" पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "मसणात." दुसऱ्या आठवड्यात दम खायला बांधावर बसू लागला, आणि कुणाच्या बांधावर बसलं की त्याच्या गाईची चौकशी करावीच लागते. तिसऱ्या आठवड्यात सातव्या दाराशी ठेच लागली आणि बोंबलता बोंबलता आठवलं, आज मंगळवार, वरच्या मळ्याची पाळी. वही कुठं ठेवली तेही आठवलं, काढून बघितलं. बरोबर!

त्या दिवशी तो काकूंच्या शेतापुढं येऊन थांबला.

"काकू, चुकलं माझं."

"महिना लागला व्हय एवढं बोलायला?"

"पाय जड झाले होते."

"जीभ जड झाली होती मेल्या! घे ते फावडं, दार गाळानं भरलंय."

घाम निथळेपर्यंत त्यानं गाळ उपसला. फार दिवसांनी त्याला बरं वाटलं.

बैठकीच्या दिवशी अध्यक्षांनी त्याला कोंडीत पकडायला मधूनच विचारलं, "चौदावं दार, गुरुवार?"

"सुताराची पाळी. दुपारनंतर त्याच्या भावाची. ते एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून दार मी स्वतः बदलतो. शुक्रवारी तुमची. बटाटे असले तर उचलून ठेवा."

सगळी खोली हसली. पाटकरी राहावा म्हणून पहिला हात काकूंनी वर केला, मग धडाधड सगळ्यांनी. अध्यक्षांचाही हात शेवटी वर गेला, निम्म्यापर्यंत.

बाहेर आल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "खरं सांग, डॉक्टरबाई तुला काय देतात?"

"काही नाही. चालतो."

"असू दे, असू दे. नको सांगूस."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढं सात फटफट्या उभ्या. सगळ्यांत पुढं अध्यक्षांची, आणि त्यांचं घर दवाखान्याच्या समोरच आहे. बाईंनी सातही जणांना तेच सांगितलं, चाला. सगळे तोंड पाडून बाहेर आले.

"गोळ्या संपल्या," अध्यक्ष किक मारत म्हणाले. "सगळ्या त्यानंच नेल्या असणार."