बुंदीचं ऑपरेशन

मुखेडात माझी पिठाची गिरणी हाय. दळण टाकलं की मानूस ते होईस्तोर उभाच ऱ्हातो, अन् उभ्या मानसाला मी बोलल्याबिगर सोडत न्हाई. तवा ऐका.

बुंदी म्हंजे आमची कुत्री. कुत्री नावाला, अंगानं मांजरीयेवढी. पांढरी, कानापाशी पिवळी. माझ्या लेकीनं, अंजूनं, नांदेडला पाळली व्हती. पुढं तिची बदली झाली पुन्याला अन् पोरीनं कुत्री आनून टाकली माझ्या ओट्यावर. "अप्पा, चार दिवस ठिवा." ते चार दिवस अजून सरले न्हाईत.

बुंदी माजावर आली अन् गिरणीपुढं कुत्र्यांची ही गर्दी. दळनवाल्याला पाय ठिवायला जागा न्हाई. माझी बायको गौरम्मा म्हनती, "अवो, गिऱ्हाईक वाढलं बगा तुमचं." तिला हसायला काय जातंय. गिरणीचं दार दिवसभर उघडं, राखायचं कुठवर?

अंजूचा फोन आला. "अप्पा, ऑपरेशन करून टाका. येवढ्याशा जिवाला पिल्लं झेपायची न्हाईत. अन् तसंच ठिवलं तर म्हातारपनी पिशवीत पू व्हतो म्हने." आमच्या गावात सोमेश म्हनून जनावराचे डॉक्टर हायेत, तरनं पोरगं. ते म्हनले, माज उतरू द्या, मग बगू. माज उतरला. सोमवार ठरला.

आता नागुबाईचं सांगतो. आमच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर. ती बौद्धाची, आमी लिंगायत. आमच्यात अंड्याचं नाव काढत न्हाईत. ऐतवारी तिच्या चुलीवर मटण चढलं की ती आमच्या बाजूची खिडकी लावून घेती. मी कधी सांगितलं न्हाई, तिनं कधी इचारलं न्हाई. लग्न होऊन आली तवापासून असंच चालू हाय. गौरम्मा म्हनती, खिडकी लागली की समजायचं आज ऐतवार.

तर सोमवारी ऑपरेशन, अन् आदल्या दुपारी बुंदी कसंतरीच करायली. तोंडातून लाळ. भिंतीला डोकं लावून उभी. हाक मारली तर वळकच न्हाई. चार पावलं टाकली अन् दारू पिल्यावानी झोकांडी. गौरम्मा रडायली, "कोन मुडद्यानं इख घातलं माझ्या लेकराला!" मी रिक्षा आनली. नागुबाई पळत आली, कुनी काही म्हनायच्या आत बुंदीला मांडीवर घिऊन रिक्षात बसली.

सोमेश डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, पोट दाबून बगितलं. "काका, काय खाल्लं हिनं?"

"दूध-भाकर."

"दुसरं काही? मटण, चिकन?"

"डॉक्टरसाहेब, लिंगायताचं घर हाय. माझ्या कुत्र्यानं हाडूक हुंगलं बी न्हाई. बसवण्णाची आन घिऊन सांगतो."

"मग विषबाधा धरून चालावं लागेल," म्हनले, अन् औषधाच्या कपाटाकडं वळले.

तेवढ्यात नागुबाई बोलली. "थांबा डॉक्टर. मी चारलंय."

मी तिच्याकडं वळलो.

"सकाळी चारलं, बसवंतअप्पा. काळीज अन् रस्सा, वाटीभर. उद्या पोट फाडायचं, अन् पोटात निस्तं दूध. ताकत कुठून येनार तिला? तुमाला इचारलं असतं तर तुमी न्हाईच म्हनला असता. म्हनून खिडकी लावली अन् मागच्या दारी चारलं."

माझ्या तोंडाशी लई वंगाळ शब्द आला व्हता. गौरम्मानं असा चिमटा काढला की तो शब्द पोटात परत गेला. बरं झालं गेला.

डॉक्टर कपाटापासून परत आले. "याआधी असं कधी झालं होतं?"

गौरम्मा म्हनली, "अंजूकडं व्हती तवा एकदा अशीच चकरा मारायली म्हनत व्हती. तिकडं कोंबडीचं डब्यातलं खानं देत व्हती पोरगी. आमाला वाटलं, ऊन लागलं."

"ऊन नव्हे, मावशी. मला लिव्हरची शंका येतेय." डॉक्टर स्टूल ओढून आमच्यापुढं बसले. "मांस पचताना जी घाण निघते, ती रक्तातून काढायचं काम लिव्हरचं. लिव्हर कमी पडलं तर ती डोक्यात चढते. दूध-दह्यानं तेवढी चढत नाही. म्हणून तुमच्या घरी ती बरी राहिली."

मी जरा छाती फुगिवली. गौरम्मा लगीच, "फुगू नका, कळालं."

"अन् उद्याची भूल," डॉक्टर म्हनले, "ती उतरवायचं कामसुद्धा लिव्हरचंच. मी उद्या नेहमीसारखं इंजेक्शन दिलं असतं, अन् ही उठली नसती तर मला कारण कळलं नसतं. या मावशी बोलल्या, म्हणून थांबतोय."

नागुबाई खाली मान घालून बुंदीची लाळ पदरानं पुसून राहिली व्हती.

औषधानं बुंदी सावरली. मी संध्याकाळी भिंतीपाशी उभा राहून इचारलं, "नागुबाई, गुमान बसला असता तर मला जल्मात कळलं नसतं. कामून सांगितलं?"

"तुमी देवाची आन घिऊन राहिले, अन् डॉक्टर भलतंच औषध काढून राहिला. मग काय करू? तुमचा राग निवंल कधीतरी. ती गेल्यावर परत येती का?"

मी "खरं हाय" म्हनलं.

मग सोमेश डॉक्टरांच्या सांगन्यावरून लातूरच्या फेऱ्या. तिथल्या जनावराच्या दवाखान्यातल्या आरती मॅडमनी उपाशी रगत घेतलं, खाऊ घालून परत घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली. लिव्हर जरा लहान, पर लिव्हरला चुकवून जानारी वाकडी नस काही दिसली न्हाई. मांस बंद, दही-भात, पनीर, अन् एक गोड सिरप. काही महिन्यांनी परत रगत बगितलं तर लई सुधारलं व्हतं.

मॅडम म्हनल्या, "आता गॅसची, वासाची भूल देऊन ऑपरेशन करता येईल. ती लवकर उतरते. पण धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही. नाही केलं तर प्रत्येक माजाला जपावं लागेल. ठरवा तुम्ही."

मी म्हनलं, "चांगली नाचून राहिली हाय. कशाला चाकू लावायचा?"

गौरम्मा म्हनली, "अन् दार कोन राखनार? तुमी? तुमी बोलाय लागला की गिरणीतून हत्ती गेला तरी कळत न्हाई."

आमचं काही जुळंना. बुंदीसंगं नागुबाई बी आलीच व्हती. गौरम्मा तिच्याकडं वळली, "अक्का, तुमी सांगा."

"मला नका इचारू बाई. माझं एकदा चुकलंय."

"म्हनूनच इचारायलो," मी म्हनलं. "सगळ्यात जास्ती भ्या तुमालाच वाटनार. मला तुमचंच ऐकायचंय."

तिनं बुंदीच्या कानामागं खाजवलं. मग म्हनली, "भ्या तर हाय, अप्पा. पर आज समदं तयार हाय, मॅडम हायेत, आपन तिघं हावोत. पोटात पिल्लं राहून घरीच काही झालं, तर तवा कोन असंल?"

"करा मॅडम," मी म्हनलं.

आत नेली. बाहेर बाकड्यावर आमी तिघं. मी, इतका बोलनारा मानूस, भिंतीवरचं गाईचं चित्र बगत बसलो. गौरम्माचं ॐ नमः शिवाय चालू, नागुबाईचे डोळे मिटलेले.

दार उघडलं. मॅडमचा मास्क हनुवटीवर, अन् तोंडावर हसू. "उठली. डोकं उचलून इकडंतिकडं बघतेय. शोधतेय कुणालातरी."

दोघी बाया पायातली चप्पल तिथंच टाकून आत पळाल्या. मी मातर उलटा फिरलो. भाईर रस्त्यावर आलो. उन्हात उभा राहिलो अन् दोन्ही हात जोडले. शंकराला, मॅडमला, सोमेश डॉक्टरला, अन् आत पळालेल्या नागुबाईला. डोळ्याला पानी लागलं व्हतं, काही नीट दिसंना.

म्होरं एक रिक्षा थांबली. रिक्षावाला म्हनला, "काका, मला कामून हात जोडलाव?"

म्हनलं, "तुला न्हाई रे बाबा. पर तू बी घे."