एकाच हवेत सगळे

१९९९च्या हिवाळ्यात भटू आणि वाल्मिक या सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं, तेही मोबाइलपायी.

सुरतेच्या लिंबायत भागातले यंत्रमाग दोघा भावांचे आणि थोरल्या बहिणीचे, सरलाबाईंचे. मागांतून सुटलेला पैसा मोबाइलच्या धंद्यात घालायचा, यावर तिघांचं एकमत होतं. पण सुरतेत भागीदार शोधणाऱ्या कंपन्या दोन होत्या, आणि त्यांची तंत्रं वेगळी.

“जीएसएम आज चालू आहे, मुंबईपासून लंडनपर्यंत,” भटू म्हणायचा. “कार्ड काढलं, दुसऱ्या फोनमध्ये घातलं, झालं काम.”

“आज चालतंय ते उद्या तुंबेल,” वाल्मिक म्हणायचा. “सीडीएमएत तेवढ्याच लहरींवर कितीतरी जास्त माणसं बोलतात. दादा, तू जुनं धरून बसलायस.”

‘जुनं’ हा शब्द भटूला लागला. तेव्हापासून दोघांचे निरोप सरलाबाईंमार्फत जाऊ लागले. शेवटी त्या वैतागल्या. “तुमचं हे युद्ध कशावर चाललंय, ते मला आधी ऐकू द्या.”

सीडीएमएवाल्यांनी पांडेसऱ्यातल्या एका गच्चीवर चाचणीचा खांब उभारला होता. श्रीरंग नावाचा त्यांचा इंजिनीअर या तिघांची वाटच बघत होता. गच्चीवर कामगार हातात फोन घेऊन उभे होते. कुणी उडियात बोलत होता, कुणी तेलुगूत, कुणी भोजपुरीत, सगळे एकाच वेळी.

“जीएसएममध्ये एका लहरीवर प्रत्येकाला आळीपाळीने बोलायची संधी मिळते,” श्रीरंग म्हणाला. “पाळी इतकी भराभर फिरते की कळतही नाही. इथे मात्र सगळे एकाच लहरीवर, एकदमच बोलतायत. प्रत्येकाला वेगळी खूण दिलीय. पलीकडचा फोन तेवढीच खूण ओळखतो.”

“म्हणजे या सगळ्यांचे आवाज आत्ता माझ्या अंगावरून चाललेत?”

“अंगातूनही, बाई.”

सरलाबाईंनी नकळत पदर सावरला. श्रीरंगने शिरपूरजवळच्या त्यांच्या गावी, वाण्याच्या दुकानात फोन लावला. आईला बोलवून आणलेलं होतं.

“माय, आयकू येस का?”

“सरला! इतली जवळ कशी बोली राह्यनी? दारमा उभी शे का?”

सरलाबाईंनी मागे वळून पाहिलं. वायर नव्हती. चिमण्यांचा धूर होता, ऊन होतं आणि रिकामं आकाश. आजूबाजूला उडिया, तेलुगू, भोजपुरी चालूच होती, आणि त्या सगळ्यातून म्हातारीचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू येत होता. फोन त्यांनी भटूकडे दिला. भटू “माय” एवढंच म्हणाला आणि त्याने तो वाल्मिकच्या कानाला लावला.

उतरताना सरलाबाईंनी श्रीरंगला विचारलं, “हाच फोन घेऊन मी गावी गेले तर?”

“तिथे आमचा खांब नाही. अजून तरी.”

जिन्यात त्या थांबल्या. “पैसे जीएसएमवाल्यांकडे घालू. ते आज पुष्कळ गावांत पोचलेत. पण वाल्मिक, तू म्हणतोस ते खोटं नाही. मी ऐकलं.”

वाल्मिकला वाईट वाटलं असावं, पण तो भांडला नाही. भटूने त्याच्या खांद्यावर हात टाकला. “परत एकदा बघायचं?”

“मीही तेच म्हणणार होतो.”

दोघे जिना चढून पुन्हा गच्चीवर गेले. सरलाबाई खाली रस्त्यावर, ऑटोरिक्षांच्या गर्दीत उभ्या राहिल्या आणि डोक्यावरच्या हवेकडे बघत राहिल्या.