खालचा धागा

"बाई, जरा पाय वर घेता?" भिंतीला मोजपट्टी लावत आर्किटेक्ट पोरीने विचारलं. शिवणाच्या बाईंनी पाय वर घेतले आणि हातातली उसवण चालूच ठेवली.

मुलींच्या त्या शाळेत सगळ्यात मोठी आणि उजेडाची खोली शिवणवर्गाची होती. आता तिथे कार्यशाळा होणार होती. लाकूडकाम, वायरिंग, छोट्या मोटारी. मुलींनी नुसतं वाचायचं नाही, हाताने करून शिकायचं, असं मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी ठरवलं होतं. शिवणाची मशीनं काढून टाकायची होती. "तुमची ग्रंथालयात सोय करू," मोठ्या बाई म्हणाल्या आणि शिवणाच्या बाई "बरं" म्हणाल्या. त्यांचा स्वभावच तसा, बरं म्हणण्याचा.

"एवढी गप्प का?" घरी नवऱ्याने विचारलं.

"हाताने शिकायचं म्हणतायत. मग मी इतकी वर्षं काय पायाने शिकवत होते?"

नवरा हसला. मशीन पायानेच तर चालायचं. मग बाईंनाही हसू फुटलं, पण जेवण काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तास चालू असताना एक चष्मेवाली मुलगी उठली. वर्गात तिला सगळ्या 'शंकाखोर' म्हणायच्या.

"बाई, सुई तर नुसती वरखाली होते. मग खालचा धागा वरच्यात अडकतो कसा?"

बाईंचा जन्म दोरे ओवण्यात गेला, पण हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या.

मुलींनी माना वर केल्या. कोपऱ्यात माप घेणारी आर्किटेक्टही वळून बघू लागली.

"मग उघडून बघूया?" शंकाखोरने विचारलं.

मशीनच्या स्क्रूला कुणी हात लावायचा नाही, हा नियम बाईंचाच. त्यांनी खण उघडला, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि तिच्या हातात दिला.

खालचा पत्रा निघाला. शंकाखोरने चाक अगदी सावकाश फिरवलं. सुई खाली गेली, किंचित वर आली आणि दोऱ्याचा बारीकसा फास सुटला. तेवढ्यात शटलचं, म्हणजे खालच्या फिरत्या आकड्याचं, टोक त्यात शिरलं आणि तो फास खालच्या धाग्याच्या अख्ख्या बॉबीनभोवती ओढून घेऊन गेलं.

"परत फिरव," बाई म्हणाल्या. "हळू. अजून एकदा." मुलींपेक्षा त्याच जास्त वाकल्या होत्या.

तास सुटल्यावर त्या आर्किटेक्टपुढे उभ्या राहिल्या.

"माझी मशीनं इथंच राहतील. भिंतीला चिकटवून नकोत, मधोमध. खालून बघता येईल अशी. आणि मीपण राहीन. मोटारींतलं मला ओ की ठो कळत नाही, पण शिकेन."

पोरगी नकाशावर खोडरबर फिरवू लागली. "मोठ्या बाईंशी मी बोलू?"

"नको. मी बोलते."

मोठ्या बाईंनी आधी आठ्या घातल्या, मग चार मशीनं ठेवायला कबूल झाल्या. बाकीची टेम्पोत चढली, तेव्हा बाई खिडकीशी उभ्या होत्या. टेम्पो दिसेनासा झाल्यावर त्या आत वळल्या.

उद्घाटनाला पुष्कळ पाहुणे आले. मोठ्या बाईंनी फोटोसाठी सगळ्यांना हाक मारली.

"आले, आले," टेबलाखालून आवाज आला. मोटार जोडलेलं पहिलं मशीन नेमकं तेव्हाच अडलं होतं आणि बाई दोन मुलींसकट खाली शिरल्या होत्या. फोटोवाला थांबून थांबून कंटाळला.

आता तो फोटो शाळेच्या दाराशी लावला आहे. पाहुणे ओळीने उभे आहेत, मोठ्या बाई हसतायत आणि मागे टेबलाखालून शाळेच्या बुटांचे दोन जोड बाहेर आलेत. त्यांच्या मधोमध, झिजलेल्या टाचांच्या चपलांचा एक.