खंडूचे दोन थेंब

बायको आवडाबाई वारल्यापासून खंडूशी धड चार शब्द बोलणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते म्हणजे देवरूखची राही. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. भाट्याच्या खाडीकाठी एका प्रयोगशाळेत ती संशोधन करायची, खंडू तिथला शिपाई. सकाळी दोघं मिळून चहा घ्यायची. तेवढ्या चहावर गड्याचा अख्खा दिवस निघायचा.

राही बाटल्यांत समुद्राचं शेवाळ वाढवायची. सहा बाटल्यांत तणनाशक घालायचं, सहा तुलनेसाठी कोऱ्या ठेवायच्या आणि दर आठवड्याला दोन्हींतले नमुने घेऊन चरबी तपासायची, उरलेले नमुने फ्रीजमध्ये ठेवायचे.

"शेतातलं तणनाशक वाहत खाडीत येतं, काका. शेवाळ दिसायला हिरवंगार, पण आतली चरबी घटते. मग तेच खाऊन जगणाऱ्या कोलंबीच्या पिल्लांनी काय करायचं?"

मेअखेर काम संपवून ती जाणार होती. पुढं सकाळचा चहा खंडूनं एकट्यानंच घ्यायचा होता. मग या शहाण्यानं काय करावं? एका दुपारी ती जेवायला गेल्यावर कोऱ्या बाटल्यांतही तणनाशकाचे दोन-दोन थेंब सोडले! प्रयोग बिघडला की पुन्हा करावा लागेल, नि पोर आणखी तीन महिने राहील, एवढाच त्याचा बेत.

बिघडला खरा. सगळ्याच बाटल्यांतली चरबी घटलेली निघाली. प्रयोगशाळेचे साहेब चारचौघांत तिला टाकून बोलले.

"माझ्या हातालाच शिस्त नाही, काका," राही डोळे पुसत म्हणाली. "सोडते हे सगळं. जाते घरी."

करायला गेला एक नि झालं भलतंच!  दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात दिसताच खंडू म्हणाला, "बाय, तुझा हात नाय चुकला. मीच घातलं ते औषध. तू जाशील म्हणून."

 राहीनं वही उघडली.

"कोणत्या दिवशी? किती थेंब?"

त्यानं सांगितलं, तिनं लिहून घेतलं. त्या दिवसाआधीचे नमुने फ्रीजमध्ये शाबूत होते. तेवढ्यावर तिचं काम तडीस जाणार होतं. साहेबांपाशी तिनं त्याचं नावही काढलं नाही.

"बाटल्यांच्या खोलीची किल्ली द्या," ती खंडूला म्हणाली. या वेळी 'काका' म्हणाली नाही.

खंडूनं किल्ली काढून दिली. मेअखेरीला अजून तीन आठवडे होते, पण त्याच्यापुरती राही त्याच सकाळी गेली.